स्क्रीन गेली, लॅपटॉप ठेवायचा की बदलायचा?

पावसाळा सरत आला की या सदराकडे लॅपटॉपच्या स्क्रीनची पत्रे वाढतात. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर आणि बेळगाव शहरातून आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. दुकानांनी सांगितलेले दर पत्रात होते तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : आमचे गाव जांबोटीजवळ. लॅपटॉप सात वर्षांचा आहे. जुलैपासून स्क्रीनवर रेघा येतात, मधेच सगळे काळे होते आणि झाकण थोडे मागे-पुढे केले की पुन्हा दिसायला लागते. बेळगावात दाखवला तर 'डिस्प्ले होगेती' (डिस्प्ले गेलाय) एवढेच सांगून साडेपाच हजार मागितले. डिस्प्ले बदलावा की नवा लॅपटॉपच घ्यावा? (एक वाचक, ता. खानापूर)

आत्ता दोन्ही करू नका. झाकण हलवल्यावर चित्र परत येत असेल, तर पहिला संशय डिस्प्ले केबलवर घ्यायचा. ही केबल मदरबोर्डवरून निघते, हिंजमधून (झाकणाच्या बिजागरीतून) वळसा घेऊन वर जाते आणि पॅनेलच्या (चित्र दाखवणाऱ्या भागाच्या) मागे लागते. झाकण उघडताना-मिटताना ती दरवेळी त्याच जागी वाकते. काही वर्षांनी आतली केसासारखी तार तुटते किंवा तिच्यावरचे आवरण घासून जाते. तुमच्याकडच्या पावसाची यात भर पडते. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात हवा महिनोन्‌महिने ओली असते, आणि त्या दमटपणाने कनेक्टरच्या पिना काळवंडतात.

पैसे देण्याआधी घरीच चार गोष्टी तपासा. एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर मदरबोर्ड आणि ग्राफिक्स ठीक आहेत. दोष केबल, पॅनेल किंवा त्यांच्या जोडणीत आहे. टीव्हीवरही तशाच रेघा असतील तर दुखणे ग्राफिक्स चिपचे किंवा रॅमचे आहे. अशा वेळी नवा डिस्प्ले घातला तरी रेघा तशाच राहतील.

दुसरी तपासणी लॅपटॉप सुरू होताना. कंपनीचे चिन्ह दिसते त्या पहिल्या पडद्यावर किंवा बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) रेघा दिसत असतील, तर विंडोज किंवा ड्रायव्हरचा संबंध नाही. त्यामुळे 'आधी फॉरमॅट मारून बघू' असे कोणी म्हणाले तर नको म्हणा. लॅपटॉप डेलचा असेल तर आणखी सोपे आहे. तो पूर्ण बंद करा, डी ही कळ दाबून धरा आणि पॉवर बटण दाबा. पडद्यावर एकेक रंग भरून येतील. हे चित्र पॅनेल स्वतःच तयार करते. रंग स्वच्छ आले तर पॅनेल बरे आहे आणि केबल बघायची. रंगांतही रेघा आल्या तर पॅनेल गेले.

तिसरी गोष्ट, स्क्रीन काळी असताना अंधाऱ्या खोलीत तिच्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. पुसट चिन्हे दिसली तर चित्र येते आहे, मागचा उजेड तेवढा गेला आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये या उजेडाच्या वाटेवर मदरबोर्डवर एक बारीक फ्यूज असतो. हिंजमध्ये घासलेली केबल शॉर्ट झाली की तो उडतो. इथे दुकानात नेहमी एक घाई होते. केबल न तपासता नुसता फ्यूज बदलतात किंवा नवे पॅनेल लावतात, आणि पहिल्याच वेळी फ्यूज पुन्हा जातो. म्हणून 'केबल मीटरने तपासली का?' हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चौथी गोष्ट क्षुल्लक वाटेल. झाकण मिटले आहे हे लॅपटॉपला एका लहान चुंबकामुळे कळते. चुंबकाचे मोबाइल कव्हर किंवा घड्याळाचा चुंबकी पट्टा कीबोर्डच्या कडेला टेकला तरी स्क्रीन विझते. आधी ते दूर करून पाहा.

तुमच्या लक्षणांवरून दुकानदाराला स्पष्ट सांगा : दोन्ही टोकांचे कनेक्टर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, परत बसवा. तेवढ्याने भागले नाही तर केबल बदला, आणि तरीही रेघा राहिल्या तरच पॅनेल. सॅनिटायझर किंवा साध्या स्पिरिटने पुसू देऊ नका, त्यातले पाणी आत राहते. केबल पॅनेलच्या मानाने पुष्कळ स्वस्त असते, पण मॉडेलप्रमाणे वेगळी असल्याने ती मागवावी लागते. त्यासाठी आठवडा थांबावे लागले तर थांबा. रेघा घालवायला कडेला बोटाने दाबत राहू नका. दाबल्याने रेघ जाते हे खरे, पण तिथेच काचेच्या कडेला चिकटवलेल्या रिबिनी असतात आणि रोजच्या दाबाने त्या सुटतात. पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात बंद ठेवण्यापेक्षा रोज तासभर चालू ठेवा. आतल्या उबेने तो कोरडा राहतो.

प्रश्न : मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०१८चा लॅपटॉप, इंटेल आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, १५.६ इंच फुल एचडी. बसच्या गर्दीत बॅग दाबली गेली. कोपऱ्यातून तडा गेला असून शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरतो आहे. निपाणीत ६,८०० सांगितले, कोल्हापुरात ५,६००. नव्याला पन्नास हजारांच्या आसपास लागतील. काय करावे? (एक पालक, निपाणी)

स्क्रीन बदला. तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे म्हणून इतक्या ठामपणे सांगतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. ८२५०यू या आकड्यातला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी, त्यामुळे तुमचे यंत्र बसते. हाच आकडा ७२०० असता, तर उत्तर वेगळे द्यावे लागले असते. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भागसुद्धा लागतो. या काळातल्या लॅपटॉपमध्ये तो सहसा असतो, फक्त बायोसमध्ये चालू करावा लागतो.

काळा डाग म्हणजे दोन काचांमधला द्रव फुटून पसरलेला आहे. तो आटत नाही, दिवसेंदिवस वाढतोच. नुसती काच बदलण्याचाही मार्ग नाही. पॅनेल अखंडच बदलावे लागते.

पैसे देण्याआधी मात्र लॅपटॉप टीव्हीला जोडून दोन दिवस मुलाला त्यावर नेहमीचे काम करू द्या. दाबात फक्त स्क्रीनच गेली की आणखी काही, हे त्यात कळते. तो मधेच बंद पडतो का, पंखा ओरडतो का, कीबोर्डच्या सगळ्या कळा चालतात का, चार्जिंगची पिन सैल आहे का? कीबोर्डखालचा भाग फुगलेला दिसला किंवा टचपॅड वर उचलले गेले असेल, तर बॅटरी फुगली आहे. तसे असेल तर लॅपटॉप चालवू नका, चार्जिंगलाही लावू नका आणि आधी बॅटरी काढून घ्या. नाहीतर तीच बॅटरी झाकण मिटताना नव्या स्क्रीनवर खालून दाब देईल.

आमचा ठोकताळा असा आहे. स्क्रीन, हिंज, बॅटरी, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) मिळून होणारा सगळा खर्च त्याच ताकदीच्या दुसऱ्या यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत असेल, तर दुरुस्ती. निम्म्याच्या वर गेला तर नको. मधल्या टापूत निर्णय हिंजवर सोडावा, कारण हिंज खिळखिळे असेल तर नवीन स्क्रीनही त्याच वाटेने जाणार. तुमचा खर्च एसएसडी धरूनही तिसऱ्या हिश्शात बसायला हवा. एसएसडी मात्र टाळू नका. त्या काळातली १ टीबीची फिरती हार्ड डिस्क विंडोज ११ मध्ये इतकी रेंगाळते की नवी स्क्रीन लावूनही 'लॅपटॉप म्हातारा झाला' असेच वाटत राहील. यंत्र उघडलेलेच आहे तर दोन्ही कामे एकाच वेळी करून घ्या. रॅमची जागा मोकळी असेल तर आणखी ८ जीबीही पाहा, पण ते पुढच्या वर्षी केले तरी चालेल.

निपाणी की कोल्हापूर, हे बाराशे रुपयांवर ठरवू नका. दोघांनाही एकच विचारा : कोणते पॅनेल लावणार? पॅनेलच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल क्रमांक असतो. त्यात १५६ हा आकडा म्हणजे १५.६ इंच, १४० म्हणजे १४ इंच. रिझोल्यूशन, पिनांची संख्या (साध्या पॅनेलला बहुधा ३०, जास्त वेगाच्या किंवा टचवाल्या पॅनेलला ४०), कनेक्टरची जागा आणि कडेला स्क्रूचे कान आहेत की नाहीत, हे सगळे जुळले पाहिजे. रुंदीही बघा. जुन्या पद्धतीचे १५.६ इंची पॅनेल सुमारे ३६ सेंटिमीटर रुंद असते, बारीक कडांचे सुमारे ३५. जो मॉडेल क्रमांक बिलावर लिहून देईल, निदान तीन महिन्यांची हमी देईल आणि उतरवलेले जुने पॅनेल परत देईल, त्याच्याकडे काम द्या. स्वस्त दर पुष्कळदा दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेल्या पॅनेलचा असतो. ते घेण्यात वाईट काही नाही, पण ते जुने आहे हे सांगून, कमी किमतीत मिळाले पाहिजे. 'एचडी लावतो, फरक कळत नाही' असे कोणी म्हटले तर ऐकू नका. १५.६ इंचावर १३६६ बाय ७६८ मध्ये प्रोग्रामिंगच्या ओळी बऱ्याच कमी मावतात, आणि मुलाला दिवसाचे सहा तास तेच बघायचे आहे.

प्रश्न : स्क्रीन ऑनलाइन मागवून घरीच बदलता येते का? (चिक्कोडी)

साध्या, टच नसलेल्या लॅपटॉपची येते. हात स्थिर असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. टचस्क्रीन किंवा ३६० अंशांत फिरणारे झाकण असेल तर नको. तिथे काच आणि पॅनेल एकत्र चिकटवलेले असते आणि वेगळे करताना दोन्ही फुटतात.

ऑर्डर जुने पॅनेल उघडून, त्याचा क्रमांक वाचून मगच करा. लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवू नका, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनेले बसवलेली असतात. एचडीच्या जागी फुल एचडी लावायचा मोह झाला, तर एक अडचण आधी माहीत असू द्या. दोन्हींना ३० पिना असल्या तरी एचडीसाठी आलेल्या पुष्कळ केबलींत माहिती वाहणाऱ्या तारांची एकच जोडी असते, फुल एचडीला दोन लागतात. केबल न बदलता लावले तर काळे राहते किंवा चित्र फाटते.

चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, आणि खालचे झाकण उघडून बॅटरीचे कनेक्टर सोडवा. हे टाळू नका. केबलमध्ये वीज असताना पॅनेलचे कनेक्टर किंचित तिरके बसले तरी वर सांगितलेला फ्यूज जातो. मग स्क्रीनभोवतीची चौकट प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डने आतल्या बाजूने सोडवा. खालच्या कोपऱ्यांत रबरी बटणांखाली स्क्रू असू शकतात. आधी ते काढा, नाहीतर चौकट चिरते. पॅनेलला कान असतील तर चार स्क्रू निघाले की ते सुटते. कान नसतील तर दोन्ही बाजूंना ताणून निघणारी चिकटपट्टी असते. तिचे टोक खालून धरून हळूहळू, सरळ ओढा. तुटली तर हेअर ड्रायरची मंद हवा द्या. खालच्या कडेला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, तिथे पॅनेलचा पातळ बोर्ड आणि रिबिनी आहेत.

कीबोर्डवर मऊ कापड पसरून पॅनेल त्यावर पालथे घाला. कनेक्टरवरची पारदर्शक पट्टी सोलून काढा, छोटी धातूची कडी असल्यास उभी करा आणि केबल पॅनेलला समांतर, बाहेरच्या दिशेने सरकवा. वर उचलली तर पिना वाकतात. नवे पॅनेल लावले की चौकट बसवण्याआधी बॅटरी जोडून चालू करा आणि पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदे लावून ठिपके आणि डाग पाहा. सगळे ठीक असेल तर पुन्हा बंद करा, बॅटरी सोडवा आणि मग चौकट दाबून बसवा. वरची संरक्षक फिल्म शेवटी काढा. ती काढल्यावर विक्रेते पॅनेल परत घ्यायला कुरकुरतात.

प्रश्न : शहापूरमध्ये आमचे छोटे डीटीपीचे काम आहे. लग्नपत्रिका मराठी आणि कन्नड दोन्हींत करतो. आय५-५२००यू लॅपटॉपवर मराठी टायपिंगची जुनी श्रीलिपी यूएसबी लॉकसह, कन्नडसाठी नुडी आणि मांडणीसाठी कोरल आहे. डाव्या हिंजचा भाग उखडला, त्यात स्क्रीनही तडकली. दुरुस्तीला नऊ हजार सांगतात. हे सगळे नव्यावर परत बसवायचे म्हटले की पोटात गोळा येतो. (एक व्यावसायिक, बेळगाव)

नऊ हजार घालू नका, आणि लॅपटॉप टाकूनही देऊ नका. पाचव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही, म्हणून झाकणावर खर्च करण्यात अर्थ नाही. पण त्यावरचा तुमचा संच चालू आहे आणि त्याची किंमत लॅपटॉपपेक्षा जास्त आहे. लॅपटॉप टेबलावर कायमचा बसवा आणि २२ इंची फुल एचडी आयपीएस (बाजूनेही रंग नीट दिसणारा) मॉनिटर, साधा कीबोर्ड, माउस जोडा. पत्रिकेच्या कामाला हा मोठा पडदा लॅपटॉपच्या स्क्रीनपेक्षा सरसच ठरेल, आणि पुढे नवे यंत्र घेतले तरी मॉनिटर कामाला येईल. हातात जुना, फक्त व्हीजीए असलेला मॉनिटर असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागेल. विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडा, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर 'डू नथिंग' ठेवा.

हिंज तुटण्याचे कारणही समजून घ्या, म्हणजे दुसरी बाजू वाचेल. हिंजचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नळ्यांत असतात. धूळ आणि गंजाने हिंज आवळले की झाकण उघडताना सगळा जोर त्या नळ्यांवर येतो आणि त्या प्लॅस्टिकसकट निघतात. नुसते फेव्हिक्विक टिकत नाही. एपॉक्सी भरून आणि हिंज सैल करून केलेले काम काही काळ जाते. खरा उपाय म्हणजे तो प्लॅस्टिकचा भाग बदलणे. तुमच्या बाबतीत झाकण अर्धे उघडे ठेवून पुन्हा न हलवणे पुरे. झाकण काढूनच टाकावेसे वाटले तर थांबा. वायफायचे अँटेना बहुधा झाकणातच असतात आणि ते गेले की नेट रांगायला लागते.

दोन पथ्ये पाळा. आधार संपलेल्या विंडोज १० वर बँक, जीएसटी आणि ग्राहकांचे पैशाचे व्यवहार करू नका. ते मोबाइलवर किंवा दुसऱ्या यंत्रावर करा. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची वाढीव सोय दिली आहे. नावनोंदणी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटखाली दिसते. आणि श्रीलिपीतल्या जुन्या फायली, कोरलची चित्रे, फॉन्ट यांची प्रत आजच बाहेरच्या डिस्कवर घ्या. दहा वर्षे चाललेली हार्ड डिस्क सांगून जात नाही. नव्या कामांपुरते युनिकोडकडे वळायला सुरुवात केली, तर पुढचे स्थलांतर जड जाणार नाही.

प्रश्न : कोल्हापुरातून रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला, बिलावर सहा महिन्यांची हमी आहे. तिसऱ्याच आठवड्यात स्क्रीनवर उभी रेघ आली. दुकानदार म्हणतो, 'तुम्ही कर्नाटकातले, तिकडेच बघा.' तक्रार करायला कोल्हापूरला खेटे घालावे लागतील का? (संकेश्वर)

नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. तुमच्यासाठी तो बेळगावचा आयोग. सीमेवर राहून पलीकडे खरेदी करणाऱ्या आपल्या लोकांना ही तरतूद माहीत असायलाच हवी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीत बोला. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात.

रेघेचा बायोसमधला फोटो आणि टीव्हीवर चित्र स्वच्छ असल्याचा फोटो, दोन्ही तारखेसह काढा. काचेला तडा किंवा दाबाची खूण नाही हे दिसेल असा, स्क्रीन बंद असतानाचा तिरक्या उजेडातला फोटोही जोडा, कारण 'तुम्हीच आपटला' हे पहिले उत्तर येणार आहे. दुकानाला लेखी कळवा, फोनवर भांडत बसू नका. हमी सुरू असेपर्यंत बाहेर कुठेही लॅपटॉप उघडू देऊ नका. तसेच एकदा बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना हेही बघून ठेवा. असल्यास तोही याच तक्रारीत घाला.

प्रश्न : स्क्रीन बदलायला टाकताना हार्ड डिस्क काढून ठेवावी का? फोटो आणि बँकेचे कागद आहेत. (टिळकवाडी)

सहज निघत असेल तर काढा. स्क्रीनच्या कामाला डिस्क लागत नाही. बायोसच्या पडद्यावर तपासणी होते. काढता येत नसेल तर प्रत घेऊन ठेवा आणि लॉगिनचा पासवर्ड देऊ नका. 'चेक करायला पासवर्ड लागतो' हे स्क्रीनच्या बाबतीत खरे नाही. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने आपोआप कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहून कागदावर उतरवून ठेवा. नुसती स्क्रीन बदलली तर ती मागितली जात नाही, पण मदरबोर्डला हात लागला तर मागितली जाऊ शकते, आणि की नसेल तर डिस्क शाबूत असूनही त्यातले काहीच उघडत नाही.